फतेहगड वालुकाश्म : पाच अंशांवर तोललेला तेलसाठा

जानेवारी २००४ मध्ये राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात केअर्न एनर्जी या स्कॉटिश कंपनीच्या विहिरीला तेल लागलं. त्या साठ्याचं नाव ‘मंगला’, आणि त्यातलं तेल आहे ते फतेहगड वालुकाश्मात, म्हणजे वाळू घट्ट होऊन बनलेल्या खडकात. त्याच वर्षी शेजारी ‘ऐश्वर्या’ आणि ‘भाग्यम’ हे आणखी दोन साठे सापडले. तिन्ही मिळून जमिनीखाली दोन अब्ज बॅरलहून जास्त तेल, त्यातलं सुमारे १.३ अब्ज एकट्या मंगलात. भारताच्या जमिनीवर वीसेक वर्षांत एवढा मोठा साठा कुणाला मिळाला नव्हता.

याच ब्लॉकमधून, म्हणजे तेलशोधासाठी आखून दिलेल्या क्षेत्रातून, २००२ मध्ये रॉयल डच शेल बाहेर पडली होती. ब्लॉकमधला आपला पन्नास टक्के हिस्सा तिने केअर्नला विकला तो सत्तर-पंचाहत्तर लाख डॉलरच्या आसपास. तेलधंद्याच्या मानाने ही रक्कम म्हणजे किरकोळच. पेट्रोलियमच्या वर्गात ही गोष्ट ‘मोठ्या कंपनीची घोडचूक’ म्हणून रंगवून सांगितली जाते. मला ते पटत नाही. फतेहगड वालुकाश्म काही कुणापासून लपलेला नव्हता. ज्या गावावरून त्याला नाव मिळालं त्या फतेहगडच्या परिसरात तो उघड्यावर दिसतो. खडक माहीत असणं आणि त्यात किती तेल आहे, त्यातलं किती वर येईल हे माहीत असणं यांत फार मोठी दरी असते. या प्रकरणात ती दरी कशी भरत गेली, तेच पाहण्यासारखं आहे.

खडक कसा घडला

बाडमेर द्रोणी, म्हणजे गाळाने भरलेला खोलगट भूभाग, ही उत्तर-दक्षिण पसरलेली खचदरी आहे: जमीन ताणली जाऊन खचल्याने झालेली दरी. लांबी सुमारे २०० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ४० किलोमीटर, आणि मधोमध गाळाची जाडी ६ किलोमीटरपर्यंत. दक्षिणेकडे ती सांचोरमार्गे गुजरातच्या खंबात द्रोणीला जाऊन मिळते. भारतीय भूखंड गोंडवन या प्राचीन महाखंडातून सुटून उत्तरेकडे सरकत असताना इथलं भूकवच ताणलं गेलं, आणि तेही एका दिशेने नाही. आधी वायव्य-आग्नेय ताण, नंतर ईशान्य-नैर्ऋत्य ताण. त्यामुळे इथले फॉल्ट (ज्यांवरून खडक सरकले त्या भेगा) एकमेकांना छेदतात, आणि जमिनीचे ठोकळे तिरपे होऊन राहिले आहेत. मंगला अशाच एका ठोकळ्यात आहे: थर आग्नेयेकडे जेमतेम ९ अंशांनी उतरतात, आणि वरच्या अंगाला फॉल्टने वाट अडवली आहे. तेल अडकवून ठेवणारा सापळा म्हणून याहून साधी रचना सापडणं कठीण.

फतेहगडचे थर क्रेटेशियसच्या अखेरीस आणि पॅलिओसीनच्या सुरुवातीला साचले, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, साधारण आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या काळात. तो मेळ नुसता योगायोग नाही. बाडमेर द्रोणीतही त्या काळाच्या आसपासचे ज्वालामुखी खडक आहेत, आणि दक्षिणेकडच्या रागेश्वरीचा खोल वायुसाठा तर मुख्यतः त्याच ज्वालामुखी खडकांत आहे. महाराष्ट्रात लाव्हाने सगळं झाकून टाकलं; बाडमेरमध्ये मात्र खचत जाणाऱ्या दरीत नद्या वाळू आणून टाकत राहिल्या.

ही वाळू आली कुठून? आसपासच्या डोंगरांत मलानीचे ऱ्हायोलाइट हे ज्वालामुखी खडक होते, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्या जोडीला होते आधीच्या काळातले वालुकाश्म, जे स्वतःच कधीकाळी नदीने आणलेल्या वाळूचे होते. आधी एकदा धुऊन, घासून, वाहून आलेली वाळू पुन्हा एकदा धुतली गेली, की तिच्यात क्वार्ट्झ हे टणक खनिज तेवढं उरतं. फेल्डस्पार आणि मऊ खनिजं वाटेतच विरतात. मंगलातला वालुकाश्म असा स्वच्छ आणि क्वार्ट्झप्रधान असण्याचं मोठं कारण हेच.

भूवैज्ञानिकांनी मंगलातल्या फतेहगडचे पाच भाग केले आहेत. वरून खाली एफएम-१ ते एफएम-५. खालच्या भागांत एकमेकांवर चढलेले, पसरट, वेणीसारख्या फाटे फुटणाऱ्या नद्यांचे जाड वाळूथर आहेत. वर एफएम-१ मध्ये नदी शांत झालेली, वळणं घेत जाणारी; वाळूच्या नाळा, म्हणजे जुन्या पात्रांतले वाळूचे पट्टे, वेगवेगळ्या आणि त्यांच्यामध्ये पूरमैदानाचा चिखल. कागदावर हा फरक वर्णनापुरता वाटतो, पण पाणी आत ढकलून तेल बाहेर काढायची वेळ येते तेव्हा सगळा हिशेब याच फरकावर फिरतो. खालच्या थरात पाणी सपाट्याने पसरतं. वरच्या थरात एका नाळेतून दुसऱ्या नाळेत जायला वाट आहे की नाही, हे आधी शोधावं लागतं.

आकडे, आणि एक हातचा हिशेब

मंगलाच्या वालुकाश्माची सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या छिद्रांचं प्रमाण, १७ ते ३३ टक्के, सरासरी २६ च्या घरात. पार्यता, म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतो त्याचं माप, २०० मिलिडार्सीपासून २० डार्सीपर्यंत (१,००० मिलिडार्सी म्हणजे १ डार्सी), सरासरी सुमारे ५ डार्सी. ज्यांनी तेलक्षेत्रात काम केलंय त्यांना हा आकडा वाचून भुवया उंचवाव्या लागतात. जगात कित्येक ठिकाणी १०० मिलिडार्सीच्या खडकावर लोक समाधानी असतात. इथे त्याच्या पन्नासपट. कारण सरळ आहे: वाळू स्वच्छ, आणि पुरली गेली ती उथळ. तेल आणि पाण्याची सीमा समुद्रसपाटीखाली सुमारे ९६० मीटरवर आहे, माथा त्याहून ३०० मीटरहून अधिक वर. एवढ्या कमी खोलीत वाळू फारशी दाबली जात नाही आणि कणांमध्ये सिमेंटही जास्त भरत नाही.

१.३ अब्ज बॅरल हा आकडा पटतो का, हे कुणालाही करून बघता येतं. १.३ अब्ज बॅरल म्हणजे सुमारे २०.७ कोटी घनमीटर तेल. वर आल्यावर त्यातला वायू निघून जातो आणि तेल थोडं आकसतं, म्हणून खाली ते साधारण १.१ पट धरू, २२.८ कोटी घनमीटर. छिद्रांपैकी ८० टक्के जागा तेलाने व्यापली आहे असं माझ्यापुरतं गृहीत धरतो, उरलेलं पाणी. सच्छिद्रता २६ टक्के. म्हणजे खडकाच्या दर घनमीटरात ०.२०८ घनमीटर तेल. भागाकार केला की सुमारे ११० कोटी घनमीटर वाळू लागते. मंगलाचं क्षेत्रफळ १७ चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी ६४ मीटर जाडीची, तेलाने भरलेली, निव्वळ वाळू. ३०० मीटरहून उंच तेलस्तंभ, तिरपा ठोकळा आणि मध्येमध्ये चिखलाचे थर पाहता हे अगदी शक्य कोटीतलं आहे.

आता गंमत अशी, की हा सगळा हिशेब ‘खडकात किती मावतं’ याचा झाला. कुठल्याही वालुकाश्माची तेलक्षमता विचारली की विद्यार्थी हमखास इथेच थांबतात. पण रिकाम्या, पाण्याने भरलेल्या उत्तम वालुकाश्मांचा जगात तुटवडा नाही.

तेल कुणी बनवलं, आणि ते उत्तरेला कसं आलं

फतेहगडच्या नद्या पुढे तळ्यात बुडाल्या. दरी खचत गेली, पाणी खोल झालं, आणि तळाशी प्राणवायू उरला नाही. शैवाल आणि डायटम (काचेसारख्या कवचाचे सूक्ष्म जीव) यांचा खच तळाशी बसत गेला. हाच बाडमेर हिल फॉर्मेशन: सेंद्रिय द्रव्याने भरलेले पंकाश्म (चिखलाचे खडक), आणि डायटमच्या कवचांपासून बनलेले डायटमाइट आणि पोर्सेलनाइट. या द्रोणीचा मुख्य स्रोत खडक, म्हणजे तेल जिथे बनतं तो खडक, हाच. म्हणजे फतेहगडच्या वाळूला तेल देणारा खडक तिच्या डोक्यावरच बसला आहे, आणि त्याच्यासह वरचे धारवी डुंगरचे पंकाश्म झाकणाचंही काम करतात.

पण मंगलाच्या डोक्यावरचा बाडमेर हिल तेल बनवण्याइतका खोल कधी पुरलाच गेला नव्हता. तेल शिजलं ते दक्षिणेकडे, जिथे गाळ काही किलोमीटर जाड आहे. तिथून ते वालुकाश्मातून वर, उत्तरेकडच्या उथळ बाजूला सरकत गेलं आणि तिरप्या ठोकळ्यांत अडकलं. सुरुवातीचा शोध मात्र मधल्या आणि दक्षिणेकडच्या भागात चालला होता: गुडा, सरस्वती, रागेश्वरी. तिथे तेल-वायू मिळाला, पण नशीब उजळावं असा नाही. खोल भागात वालुकाश्म दाबला गेलेला. उत्तरेचा उथळ भाग स्रोतापासून लांब म्हणून दुय्यम वाटत होता. तेल एवढ्या लांब वाहत आलं असेल का, यावर पैज लावायची तयारी हवी होती. केअर्नने ती लावली, आणि तोवर ब्लॉकमध्ये दुसरं कुणी भागीदार उरलं नव्हतं हेही त्यांच्या पथ्यावर पडलं. शेलला विहिरींच्या निकालांवरून जे दिसत होतं त्यावर घेतलेला तिचा निर्णय असमर्थनीय नव्हता. तिच्यासमोर जो नकाशा होता, त्यात उत्तर रिकामी होती.

पुढे विकासाच्या टप्प्यात ओएनजीसीने ३० टक्के हिस्सा घेतला, केअर्नकडे ७० राहिला. ३,१११ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रातला केअर्नचा हिस्सा आज वेदान्त समूहाकडे आहे.

खरी अडचण : मेण

मंगलाचं तेल बाटलीत भरून खोलीच्या तापमानाला ठेवलं आणि बाटली उलटी केली, तर काही सांडत नाही. काळपट-तपकिरी गोळा तळाला चिकटून राहतो. डिसेंबरातल्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली बसते तसा. तळ्यातल्या शैवालापासून बनलेल्या तेलात लांब साखळीची मेणं भरपूर असतात, आणि गंधक अगदी कमी. रिफायनरीला असं तेल आवडतं. पाइपलाइनला नाही. ते ज्या तापमानाखाली वाहायचं थांबतं, त्याला पोअर पॉइंट म्हणतात, तो इथे ४० ते ४५ अंश सेल्सियसच्या दरम्यान.

त्याहून महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. साठ्याचं स्वतःचं तापमान सुमारे ६५ अंश. तेलात मेणाचे पहिले स्फटिक दिसू लागतात ते सुमारे ६० अंशांना. म्हणजे निसर्गाने मंगलाला पाच अंशांची मोकळीक दिली आहे. खडक ५ डार्सीचा असो की ५० चा, तो पाच अंशांनी थंड झाला की छिद्रांतच मेण बसायला लागणार.

म्हणून इथल्या जवळजवळ प्रत्येक अभियांत्रिकी निर्णयाच्या मुळाशी हे पाच अंश आहेत. दाब टिकवायला आणि तेल ढकलायला जमिनीत पाणी सोडावं लागतं. सर्वसाधारण क्षेत्रात ते थंडच सोडतात. इथे ते तापवून सोडावं लागलं, कारण वर्षानुवर्षं थंड पाणी गेलं असतं तर सोडणाऱ्या विहिरीभोवतीचा खडक गार झाला असता आणि तिथलं तेल कायमचं अडकलं असतं. पाणी कुठलं? वाळवंटात गोडं पाणी वापरण्याचा प्रश्नच नव्हता. थुंबलीच्या खाऱ्या भूजलाचा आधार घेतला गेला. उत्पादन विहिरींतही हाच ताप. तेल वर येताना थंड होतं, म्हणून अनेक विहिरींत जेट पंप बसवले. तापवलेलं पाणी दाबाने खाली पाठवायचं, त्यानेच तेल उचलायचं आणि त्यानेच ते गरम ठेवायचं. एका दगडात दोन पक्षी, पण पाणी तापवण्याचा खर्च वेगळा.

आणि मग पाइपलाइन. मंगलाच्या प्रक्रिया केंद्रापासून गुजरातच्या किनाऱ्यावर सलायापर्यंत आणि पुढे भोगतपर्यंत, एकूण सुमारे ६७० किलोमीटर, २४ इंची नळ, त्यावर इन्सुलेशन. नळाला चिकटवलेल्या बारीक नळीतून विजेची तार जाते, प्रवाहामुळे ती नळी तापते आणि तिची उष्णता मुख्य नळाला मिळते. ठरावीक अंतरावर तापवण्याची केंद्रं. त्या केंद्रांना लागणाऱ्या विजेसाठी शेजारून वायूची ८ इंची नळी, आणि वायू रागेश्वरीचा. द्रोणीच्या दक्षिणेतला वायू द्रोणीच्या उत्तरेतलं तेल गरम ठेवतो, ही व्यवस्था मला फार आवडते. रागेश्वरीत वायू नसता तर हे गणित कदाचित जमलंच नसतं.

२९ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते मंगलाचं उत्पादन सुरू झालं. शोध ते उत्पादन, साडेपाच वर्षं. पुढे काही वर्षांत या ब्लॉकचं उत्पादन दिवसाला सुमारे २ लाख बॅरलवर पोहोचलं. देशांतर्गत तेलाचा तो फार मोठा हिस्सा होता.

पाणी आधी पोहोचतं

उत्तम वालुकाश्मालाही एक खोड असते. साठ्याच्या तापमानाला मंगलाच्या तेलाची श्यानता (दाटपणा) ९ ते १७ सेंटिपॉइज, आणि त्याच तापमानाच्या पाण्याची अर्ध्या सेंटिपॉइजहूनही कमी. म्हणजे ढकलणारं पाणी ढकलल्या जाणाऱ्या तेलापेक्षा वीस ते चाळीसपट पातळ. अशा वेळी पाणी तेलाला समोरून सरळ लोटत नाही. ते बोटं फुटल्यासारखं सोप्या वाटेने पुढे घुसतं आणि उत्पादन विहिरीत येऊन पोहोचतं, मागे तेल तसंच ठेवून. शिवाय तेल खडकाला काही प्रमाणात चिकटून राहायला पाहतं, आणि पाण्याच्या सीमेकडे जावं तसं ते जडही होत जातं. पार्यता जास्त असली की हा प्रकार कमी होतो असं नाही. जास्त पार्यतेचे पट्टे असले तर पाणी त्यांतूनच आधी धावतं.

उपाय म्हणजे पाणीच दाट करायचं. २०११ मध्ये मंगलात पॉलिमरची चाचणी झाली. पाण्यात पॉलिअॅक्रिलामाइड जातीचा पॉलिमर मिसळून ते सोडलं गेलं. निकाल चांगला आला, आणि २०१४-१५ च्या सुमारास हीच पद्धत संपूर्ण क्षेत्रावर लागू झाली. जगातल्या मोठ्या पॉलिमर प्रकल्पांत मंगलाचं नाव घेतलं जातं. त्यापुढची पायरी, अल्कली, पृष्ठसक्रियक (साबणासारखं रसायन) आणि पॉलिमर एकत्र सोडण्याची, हीही एका छोट्या पट्ट्यात करून पाहिली गेली आणि तीही कामी आली. पण रसायनांचा खर्च, आणि वर येणाऱ्या पाण्यातून तेल वेगळं करण्याची डोकेदुखी, यांमुळे चाचणी यशस्वी होणं आणि क्षेत्रभर परवडणं यांत अंतर राहतं. ब्लॉकचं उत्पादन आता त्या दोन लाखांच्या निम्म्याहून खाली आलं आहे.

याच्या नेमकं उलट उदाहरण त्याच विहिरीत वरच्या अंगाला आहे. बाडमेर हिलच्या पोर्सेलनाइटची सच्छिद्रता फतेहगडच्या तोडीची असू शकते, पण पार्यता काही मिलिडार्सीच्या आत-बाहेर. मावतं सारखंच, वाहतं हजारपट कमी. ऐश्वर्या क्षेत्रात या खडकातून तेल काढायचं तर आडव्या विहिरी खणून खडकाला दाबाने भेगा पाडाव्या लागतात. दोन्ही खडकांचे कोअर (विहिरीतून काढलेले खडकाचे दंडगोल नमुने) शेजारी ठेवले तर हा फरक शिकवायला फळा लागत नाही.

आपल्याकडचं काय

हे प्रकरण मराठीत सांगताना हमखास येणारा प्रश्न: दख्खनच्या बेसॉल्टखाली असा वालुकाश्म नसेल का? मुंबई हायचं उदाहरण इथे लागू होत नाही. १९७४ मध्ये सापडलेला तो साठा मुख्यतः चुनखडीत आहे आणि तो समुद्रात, बेसॉल्टच्या वर साचलेल्या गाळात आहे. जमिनीवरचा अनुभव संमिश्र आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत खणलेल्या विहिरीत ३३८ मीटर बेसॉल्टनंतर फक्त ८ मीटर गाळाचे थर लागले आणि मग थेट पायाचा खडक. कोयनेच्या वैज्ञानिक विहिरीत तर सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर गाळच नाही, लगेच ग्रॅनाइट-नाइस. म्हणजे दक्षिण महाराष्ट्रात आशा करायला जागा फारच थोडी.

तापीच्या खोऱ्याकडे चित्र वेगळं आहे. भूभौतिक सर्वेक्षणांवरून तिथे बेसॉल्टखाली मेसोझोइक काळातल्या, म्हणजे डायनोसॉरच्या युगातल्या, गाळाचे जाड थर असावेत असं दिसतं, आणि ओएनजीसीनेही ‘दख्खन सिनेक्लाइज’ या नावाने तो भाग अभ्यासाला घेतला आहे. अडचण अशी की सेस्मिक लहरी, म्हणजे जमिनीखालचं चित्र काढायला सोडलेल्या कंपनलहरी, बेसॉल्टमध्ये इतक्या विखुरतात, की खालच्या थरांची तिरपी ठेवण, फॉल्ट आणि झाकण स्पष्ट दिसत नाहीत. बाडमेरमध्ये मंगलाचा ठोकळा सेस्मिक रेषांवर दिसत होता. प्रश्न फक्त तेल तिथवर आलं का एवढाच होता. तापीत वालुकाश्म मिळाला असं उद्या कळलं, तरी त्याच्या आधी किंवा नंतर शैवालाने भरलेलं एखादं खोल तळं होतं का, लाव्हाच्या उष्णतेने त्यातलं सेंद्रिय द्रव्य शिजून करपलं का, आणि तेल निघालंच असेल तर ते निघण्याआधी सापळे तयार होते का, हे तिन्ही प्रश्न तसेच राहतील. त्यांची उत्तरं वालुकाश्माच्या कोअरमधून मिळत नाहीत. त्यासाठी बेसॉल्ट आरपार छेदणाऱ्या, खोल आणि महागड्या विहिरी लागतील, आणि पहिल्या काही कोरड्या निघाल्या तरी पुढची खणायची तयारी लागेल.